हवा पिणारा रंग

गावाच्या वेशीवरचा मारुती डोळ्यांसमोर आणा. केशरी, तुकतुकीत, अंगानं जरा जास्तच भरलेला. पिढ्यानपिढ्या तेल-शेंदूर चढत गेल्यामुळे हात कुठं आणि गदा कुठं, हे फक्त पुजाऱ्याला ठाऊक. मग एखाद्या वर्षी ते कवच आपसूक निखळतं, आतून रेखीव दगडी मूर्ती बाहेर येते आणि पंचक्रोशी दर्शनाला लोटते.

तिथून थेट स्कॉटलंडला जाऊ. एडिनबराजवळ फोर्थ नदी समुद्राला मिळते. त्या खाडीवर 4 मार्च 1890 रोजी एक रेल्वेपूल खुला झाला. लांबी सुमारे अडीच किलोमीटर, पोलाद पन्नास हजार टनांहून अधिक, रिव्हेट साठ लाखांच्या वर. जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर या अभियंत्यांचा हा पूल आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. खारा वारा, धुकं आणि बारमाही पाऊस सोसणाऱ्या या पोलादाच्या अंगावर सुरुवातीला काय चढवलं होतं? तेल आणि शेंदूर.

ही नुसती उपमा समजू नका. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं तांबडं ऑक्साइड: शिशाचे तीन अणू, प्राणवायूचे चार. इंग्रज कारागीर त्याला ‘रेड लेड’ म्हणत, लॅटिनमध्ये त्याचं नाव ‘मिनियम’. जुन्या हस्तलिखितांत याच रंगानं अक्षरं आणि चित्रं काढत. त्यावरून ‘मिनिएचर’ हा शब्द आला. ‘मिनी’ म्हणजे लहान, याच्याशी त्याचा मुळात संबंधच नव्हता. वेशीवरचा देव, राजदरबारातलं लघुचित्र आणि आगगाडीचा पूल, तिन्ही एकाच पुडीत सापडतात.

पुलासाठी क्रम असा होता: कारखान्यात पोलादाचे पत्रे खरवडायचे, तारेच्या ब्रशनं घासायचे आणि लगेच उकळलेल्या तेलाचा एक हात द्यायचा. पूल उभा राहिला की तेलात कालवलेल्या शेंदराचे हात. त्यावर लोखंडाच्या तांबड्या ऑक्साइडचे हात, म्हणजे आपल्या गेरूच्या जातीचा रंग. शेंदूर तोच, पण तेल मात्र वेगळं. मारुतीला तिळाचं तेल चालतं. पुलाला जवसाचंच लागायचं. या लेखाची सगळी गंमत त्या ‘जवसाचंच’ मध्ये आहे.

जवस आपल्याला नवा नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात रब्बीच्या शेतात त्याची नाजूक निळी फुलं डोलतात, भाकरीबरोबर जवसाची चटणी असते. कुणी त्याला अळशी म्हणतं. शाळकरी वयात नव्या बॅटीला जे तेल चोळलं, ते अळशीचंच. जुन्या खिडक्यांच्या काचा बसवताना जी लांबी भरत, ती खडूची भुकटी आणि हेच तेल मळून केलेली. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं रंग घोटले तेही याच तेलात. लिनियसनं या झाडाचं शास्त्रीय नाव ठेवताना ‘लायनम युसिटाटिसिमम’ असं ठेवलं. त्यातला दुसरा शब्द म्हणजे ‘अत्यंत उपयोगी’.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनला जवस पुरवणाऱ्या मोठ्या देशांत हिंदुस्थान होता. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाड-मध्यप्रांताच्या मालाला बंदराची वाट मोकळी झाली. कापसाबरोबर जवसाची पोतीही बोटीत चढू लागली. इंग्लंडमधल्या तेलगिरण्या तो पिळत, रंगवाले त्यात शेंदूर आणि गेरू घोटत, आणि तो रंग पुलांवर, स्टेशनांवर, बागांच्या कठड्यांवर चढे. लोखंड त्यांचं, पण त्याच्या अंगावरच्या तेलात काही वाटा आपल्या काळ्या मातीचा होता.

मग जवसच का? स्वयंपाकघरात उत्तर सापडतं. खोबरेल तेलाचा थेंब काचेवर पडला तर महिन्यानंतरही तो तेलच असतो. शेंगदाण्याच्या तेलाचंही तसंच. जवसाच्या तेलाचा पातळ थर मात्र काही दिवसांत चिकट होतो, मग घट्ट होतो आणि शेवटी नखानंही निघत नाही. आपण म्हणतो, तेल सुकलं. इथंच आपली भाषा आपल्याला चकवते. कपडे सुकतात तेव्हा पाणी उडून जातं आणि कपडा हलका होतो. जवसाच्या तेलातून उडून जाण्यासारखं जवळपास काही नसतंच. उलट सुकलेल्या थराचं वजन केलं तर ते वाढलेलं निघतं, दहा टक्क्यांहूनही अधिक. हे तेल सुकत नाही, हवा पितं. हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि त्या प्राणवायूनं स्वतःला विणतं.

ही वीण समजायला थोडं रसायन लागेल, पण ते आठवीच्या पुस्तकापलीकडचं नाही. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या खुंटीला टांगलेल्या तीन लांब साखळ्या. जवसाच्या तेलातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त साखळ्या लिनोलेनिक आम्लाच्या असतात. अशा एका साखळीत अठरा कार्बन, आणि त्यात तीन ठिकाणी दुहेरी बंध. या दुहेरी बंधांच्या शेजारचा हायड्रोजन ढिला बसलेला असतो. प्राणवायू तिथं शिरतो, साखळीला हात फुटतात आणि ते हात शेजारच्या साखळीला धरतात. एकानं दुसऱ्याला धरलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. बघता बघता सुटे सुटे रेणू संपतात आणि सगळ्या थराचं मिळून एक जाळं होतं. खोबरेल तेलाच्या साखळ्यांत असे बंध नगण्य, म्हणून त्याला हात फुटत नाहीत.

हेच जाळं तुम्ही घरी विणलेलं आहे. नवा बिडाचा तवा आणला की त्याला तेल लावून तापवतात, पुन्हा तेल, पुन्हा ताप. काही दिवसांत त्यावर काळाभोर, गुळगुळीत थर धरतो, घावन सुटू लागतं आणि तवा गंजायचा थांबतो. कढईच्या बाहेरच्या कडेला साचलेला, काथ्यानंही न निघणारा पिवळट थर हासुद्धा त्याच जातीचा. चुलीवर जे काम आच तासाभरात करते, ते जवसाचं तेल उघड्यावर, नुसत्या हवेत करतं. त्याला घाई करायला लावायची तर तेल तापवताना त्यात शिसं, मँगनीज किंवा कोबाल्टची संयुगं चिमूटभर घालतात. बाजारात ‘डबल बॉइल’ म्हणून मिळणारं अळशीचं तेल ते हेच.

फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं रंगाच्या डब्यात तेलावर आलेली अशी रबरासारखी साय पाहिली आणि तिचीच जमीन करायचं ठरवलं. 1860 च्या दशकात त्यानं ते उत्पादन बाजारात आणलं: लिनोलियम, म्हणजे शब्दशः जवसाचं तेल. घट्ट झालेलं हे तेल माणसांच्या पायांखाली वर्षानुवर्षं टिकतं, यावरून त्याच्या चिवटपणाची कल्पना यावी.

आता लोखंडाकडे वळू. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, मीठ असेल तर काम जोरात चालतं. ओल्या लोखंडाच्या पृष्ठभागावर बारीक बारीक विजेच्या घटमाला तयार होतात. एका जागी लोखंड विरघळतं, दुसऱ्या जागी प्राणवायू वापरला जातो. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. म्हणून दोन पट्ट्यांच्या सांध्यात गंज शिरला की तो पाचरीसारखा त्यांना फाकवतो. घडीव लोखंड वाकतं, आणि बीड कडक असल्यामुळे तडकतं.

तेव्हा रंगाचं काम काय? सगळे म्हणतील, पाणी आणि हवा बाहेर ठेवायची. विसाव्या शतकाच्या मध्यावर केंब्रिजमध्ये जे. ई. ओ. मेन या शास्त्रज्ञानं ही समजूत तपासून पाहिली आणि निष्कर्ष उलटा निघाला. लोखंड गंजायला जेवढं पाणी आणि जेवढा प्राणवायू पुरेसा असतो, तेवढा रंगाच्या थरातून आरामात झिरपतो. भिंत म्हणून रंग अगदीच गळका आहे. तरीही रंगवलेलं लोखंड टिकतं, याचं कारण दुसरीकडे होतं. एक, रंगाचा थर क्षारांच्या विद्युतभारित कणांना सहजी जाऊ देत नाही, त्यामुळे ती घटमाला नीट चालत नाही. दुसरं कारण शेंदराचं. जवसाचं तेल म्हातारं होताना त्याच्या साखळ्या तुटून लहान लहान आम्लं तयार होतात. एरवी हा र्‍हासच. पण शेजारी शेंदूर असला की ही आम्लं शिशाला धरतात आणि शिशाचे साबण तयार होतात. झिरपणाऱ्या पाण्यात ते अगदी थोडे विरघळतात, लोखंडापाशी पोचतात आणि गंजाची सुरुवात व्हायची जागाच बुजवतात.

इथं थांबून जरा विचार करावासा वाटतो. तेल झिजतं, त्या झिजेतून औषध तयार होतं, आणि ते लोखंडापर्यंत पोचवायला वाहन कोण? तेच पाणी, ज्याची सगळ्यांना भीती. फोर्थच्या पुलावर चढून ब्रश मारणाऱ्या कामगाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. कारण कळायच्या कितीतरी आधी शेंदूर आणि जवस एकत्र घोटायचं हातांनी अनुभवातून शोधून ठेवलं होतं.

वरच्या हातांचं कोडं आणखी मजेशीर. त्यातलं लोहऑक्साइड म्हणजे रासायनिक नात्यानं गंजाचाच सख्खा भाऊ. लोखंड गंजू नये म्हणून त्याला गंजाच्या भावाचं पांघरूण! पण त्यात तर्क आहे. जे आधीच पूर्ण गंजून चुकलंय, त्याला ऊन आणखी काय बिघडवणार? तेलाच्या जाळ्याला सर्वांत जास्त मारतं ते ऊन, आणि हे तांबडे कण ते ऊन स्वतःवर घेतात. तुळशीवृंदावनावरचा गेरू टिकतो तो याच बळावर.

मग एवढा गुणी रंग गेला कुठं? त्याचा पहिला दोष म्हणजे शिसं. शिसं शरीरात साचतं, मुलांच्या मेंदूला इजा करतं, आणि जुना रंग खरवडताना त्याची धूळ श्वासात जाते. भारतातही 2016 च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा घातली. दुसरा दोष वेळखाऊपणाचा. प्रत्येक हाताला घट्ट व्हायला एक दिवस, थंड-दमट हवेत कित्येक दिवस. 1920 च्या दशकात अल्किड राळेचे रंग आले. तेलाच्याच साखळ्या कारखान्यात आधी विणून घ्यायच्या, म्हणजे भिंतीवर काम झटपट. आपण दारा-खिडक्यांना लावतो त्या ‘ऑइलपेंट’च्या नावात तेल उरलंय ते या वंशावळीमुळे. त्यामागून दोन डबे एकत्र करून लावायचे इपॉक्सी रंग आले. फोर्थच्या पुलाचं रंगकाम कधी संपतच नाही, यावरून इंग्रजीत न संपणाऱ्या कामासाठी वाक्प्रचारच पडला होता. तिथले जुने सगळे थर काढून काच-पापुद्र्यांचा इपॉक्सी रंग चढवला गेला आणि 2011 मध्ये ते काम खरोखर संपल्याचं जाहीर झालं. नवा थर पंचवीस वर्षं तरी टिकावा, अशी अपेक्षा आहे.

त्या पुलापुरता तो निर्णय बरोबरच म्हणावा लागेल. समुद्रावर, गाड्यांच्या वर्दळीत, शंभर मीटर उंचीवर दर काही वर्षांनी ब्रश घेऊन कोण चढणार? पण इपॉक्सीची एक अट असते: लोखंड कणांच्या माऱ्यानं चकचकीत, कोरं करून द्यायचं. जुन्या बागेच्या कठड्यावरची बिडाची पानं-फुलं, रिव्हेट मारलेल्या पट्ट्यांमधली फट, घडीव फाटकाच्या वेलबुट्ट्या इथं तो मारा एक तर पोचत नाही, नाहीतर नक्षीच खाऊन टाकतो. लोहारकामात घडीव लोखंडावर बसलेली निळसर-काळी पापडी गंजाला थोडी आडवते; तीही जाते. आणि कडक थराला एकदा चीर पडली की आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. वरून रंग तकतकीत, आत गंजाचा बाजार.

जवसाच्या तेलाचे रेणू लहान आणि तेल संथ. तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढल्यावर जो घट्ट धरून बसलेला उरतो, त्याच्या छिद्रांत ते उतरतं आणि मग तिथंच घट्ट होतं. वरचा थर कडक कवच होत नाही, लोखंड उन्हानं फुललं-आकसलं तरी बराच काळ सोबत हलतो. वय झालं की हा रंग पापुद्रे टाकत नाही. त्याची चमक जाते, मग बोटाला भुकटी लागू लागते. त्यावर नुसत्या तेलाचा पातळ हात फिरवला की तो पुन्हा जिवंत होतो. म्हणून स्वीडनसारख्या देशांत जुन्या लोखंडकामासाठी हा रंग पुन्हा हातात घेतला जातोय. गोथेनबर्ग विद्यापीठात तर उघड्यावरच्या ऐतिहासिक लोखंडाच्या तेलरंगांवर आणि रंगाऱ्याच्या कसबावर पीएच.डी.चा प्रबंध झाला. शेंदराच्या जागी आता बहुतेक ठिकाणी बिनशिशाची रंगद्रव्यं वापरतात.

कसबाचा भाग पुस्तकात सहज मावत नाही. दिवस कोरडा हवा, लोखंडावर दवाचा अंश नको. रंग पातळ, आणखी पातळ ताणायचा. लोभानं जाड हात मारला की वरची साय आधी धरते, खालचं तेल ओलंच राहतं. आणि प्राणवायू पिऊन फुगलेल्या सायीला पसरायला जागा नसल्यामुळे तिला सुरकुत्या पडतात. आपल्या मुंबई-कोकणात तर जूनपासून दसऱ्यापर्यंत या रंगाचा डबा उघडूच नये. दमट हवेत तो रेंगाळतो, आणि तेल म्हणजे बुरशीचं आवडतं खाणं. कायम पाण्यात असलेल्या लोखंडाला किंवा चुन्या-सिमेंटला टेकलेल्या भागाला तो उपयोगाचा नाही. अल्कलीत त्याचा साबण होतो.

आयफेल टॉवरची गोष्ट इथं सांगायला हवी. 7,300 टन घडीव लोखंडाचा हा मनोरा 1889 मध्ये उभा राहिला तो जवसाच्या तेलातला तांबूस रंग ल्यालेला. धातूची बांधकामं टिकवण्यात रंग हाच मुख्य, असं खुद्द गुस्ताव्ह आयफेल यांनी बजावून ठेवलं होतं. मनोरा साधारण दर सात वर्षांनी रंगतो, एका वेळी साठ टनांच्या आसपास रंग लागतो आणि तो आजही ब्रशनं, हातानं चढवतात. वीस वर्षांसाठी म्हणून बांधलेली वास्तू सव्वाशे वर्षं ओलांडून गेली, ती कुठल्याही एका रंगामुळे नव्हे. दर सात वर्षांनी कुणीतरी हात लावतंय, त्या डोळसपणामुळे. जवसाचा रंग हीच सवय मागतो. त्याच्याकडून पंचवीस वर्षांची हमी मागायची नसते. वर्षातून एकदा जवळ जाऊन त्याला पाहायचं असतं.

आणि थर साचण्याचा एक फायदाही आहे. इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलचा 1779 चा लोखंडी पूल, जगातला पहिला मोठा बिडाचा पूल, अनेक वर्षं करड्या रंगात उभा होता. दुरुस्तीच्या वेळी थरांच्या तळाशी मूळ गडद तांबड्या रंगाच्या खुणा सापडल्या, आणि 2018 मध्ये पूल पुन्हा तांबडा झाला. शेंदराचं कवच निखळून मूळ मूर्ती दिसावी, तसंच काहीसं.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. तेल प्राणवायू पितं तेव्हा उष्णताही बाहेर टाकतं. पुलावर ती वाऱ्यावर जाते. पण तेलानं माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर ती आतच साठते, आणि काडी न ओढता बोळा पेट घेतो. 23 फेब्रुवारी 1991 रोजी फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या 38 मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर अशाच चिंध्यांनी आग लागली. तीन अग्निशमन जवान गेले. आग थांबली ती तिसाव्या मजल्यावर, जिथं पाण्याचे फवारे बसवलेले होते. बॅटीला लावायच्या तेलाची ही ताकद.

हे सगळं खरं का, ते पाहायला विद्यापीठ लागत नाही. आरशाचा किंवा काचेचा तुकडा घ्या. एका बाजूला खोबरेल तेलाचं बोट फिरवा, दुसऱ्या बाजूला अळशीच्या तेलाचं, अगदी पातळ. खिडकीत ठेवा आणि रोज बोट लावून पाहा. पंधरा दिवसांत एका बाजूला तेल असेल, दुसऱ्या बाजूला रंगाचा कणही न घालता तयार झालेला रंग. आणि हो, तेल पुसलेलं फडकं गोळा करून ठेवू नका. पाण्यात बुडवा, बाहेर मोकळं पसरून वाळू द्या, मगच टाका.